बारावं प्रकरण

ग्रंथपालांनी मोबाइल टेबलाच्या मधोमध ठेवला, आवाज मोठा केला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "ऐका. वाचकाचा अभिप्राय आलाय."

आमच्या वाचनालयातले वाचक वाचत नाहीत, ऐकतात. अंधांसाठीचं वाचनालय आहे ते. वाचायचं आम्ही, रेकॉर्ड करून द्यायचं, आणि तरी वाचक म्हणायचं त्यांना. मी एकतीस वर्षं बसस्टँडवर घोषणा केल्या. निवृत्त झाले तरी घसा गप्प बसेना, म्हणून इथे आले. सहा वर्षांत चाळीस पुस्तकं वाचली. माझं वाचन स्वच्छ असतं, असं ग्रंथपाल म्हणतात. वाचताना मी मध्ये स्वतःची टिमकी वाजवत नाही. गाडी कुठली, कुठे लागली, कधी सुटणार, एवढं सांगायचं. हसायचं की रडायचं ते प्रवाशाने बघावं.

अभिप्राय एका बँकेतल्या टेलिफोन ऑपरेटर मुलीचा होता. पुस्तक फार आवडलं म्हणाली. दातांची डॉक्टरीण, तिच्या प्रेमात पडलेला तो बावळट माणूस, तिला भेटायला मिळावं म्हणून त्याने काढलेली खोटी दातदुखी आणि त्यापायी उपटून घेतलेले दोन चांगले दात. दर रविवारी पाच मैत्रिणी एकत्र बसून ऐकायच्या आणि हसून हसून पोट दुखायचं, असं सगळं सांगून ती पुढे म्हणाली,

"एक विचारू का? बाई वाचतात तेव्हा मागे एक काका हसतात. आम्हाला ते पुस्तकापेक्षा जास्त आवडले. पण बाराव्या प्रकरणापासून ते हसतच नाहीत. आमच्यात पैज लागलीय की दोघांचं भांडण झालंय. बाईंना सांगा, काय असेल ते मिटवून टाका. तिथून पुढची सगळी प्रकरणं काकांशिवाय अगदी अळणी लागली."

ग्रंथपाल घाईघाईने बोलू लागले. चूक त्यांचीच होती. तपासताना त्यांनी मधलं मधलं ऐकून पुस्तक पुढे पाठवलं होतं. मागचा आवाज असलेलं रेकॉर्डिंग नियमात बसत नाही. मी म्हटलं, "पोरीचं बरोबर आहे. भांडणच झालं होतं."  आमच्या ह्यांना स्मशानात पोहोचवायला आलेल्या माणसांत ग्रंथपालही होते.

हे म्हणजे डेपोतले मेकॅनिक. सगळा स्टँड त्यांना मेकॅनिक म्हणायचा, लग्नानंतर मीही तेच म्हणत राहिले. जन्मात त्यांनी इंजिनाच्या माहितीपुस्तकाखेरीज पुस्तक उघडलं नव्हतं. इंजिनांनी कान अधू केलेले, त्यामुळे आपण किती मोठ्याने हसतोय याचा पत्ता नसायचा. मागच्या वर्षी हृदय थकलं. डॉक्टरांनी जिने बंद केले, ओझं उचलणं बंद केलं. हसायला कुणी मनाई केली नव्हती. ती मी केली.

मी आतल्या खोलीत रेकॉर्ड करायचे. खिडकीला गादी टेकवायची, दाराला घोंगडी लावायची. मेकॅनिक बाहेर आरामखुर्चीत. पहिल्या दिवशी खुर्ची खिडकीपाशी होती. तिसऱ्या दिवशी बघते तर दाराला चिकटलेली. पहिल्याच प्रकरणात मेकॅनिक हसले. मी बाहेर जाऊन सांगितलं, परिच्छेद पुन्हा वाचला, तर त्याच जागी पुन्हा हसले. विनोद शिळा होतो हे त्या माणसाला माहीतच नव्हतं. जेवताना मतं सुरू. त्या बावळटाला दात काढून घ्यायचं धाडस आहे आणि तोंड उघडून विचारायचं नाही, असल्या गाडीला धक्का मारूनच चालू करायला लागतं. शेवट मात्र सांगायचा नाही, अशी ताकीद मला. मी कपाळाला हात लावायचे. चौथ्या प्रकरणानंतर दुरुस्त्या सोडल्या. म्हटलं, सगळं संपलं की हसलेल्या जागा एकदम पुन्हा वाचू.

बारावं प्रकरण वाचायच्या दुपारी माझं डोकं फिरलेलं होतं. दोन रात्री त्यांच्या उशाशी जागून काढल्या होत्या, त्यात वाचनालयातून दोनदा फोन येऊन गेला होता. दार उघडलं आणि मी त्यांना म्हणाले, "आता एकदा जरी हसलात ना, तर पुस्तक परत देऊन टाकीन. शेवट कळणार नाही. तोंड बंद ठेवायचं. कळलं?"

त्यांनी टॉवेलचं टोक तोंडात धरलं आणि जा जा अशी हाताने खूण केली. मला हसू आलं नाही. तेव्हा आलं असतं तर बरं झालं असतं.

अडतीस मिनिटं वाचलं. बाहेरून हूं नाही की चूं नाही, असंच मला आठवत होतं. मला बरं वाटलं, हे मी कबूल करते. एका दमात स्वच्छ प्रकरण झालं म्हणून शाबासकी द्यायला बाहेर आले, तर टॉवेल मांडीवर पडलेला आणि मान खांद्यावर कललेली. डॉक्टर म्हणाले, क्षणात गेले, त्रास झाला नसेल. नेमके कधी, ते त्यांना सांगता येईना. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणत होता, खुर्चीत बसल्या बसल्या गेले, भाग्यवान माणूस. मी मान हलवत होते.

माझ्या मुलीलासुद्धा मी मनातलं हे सांगितलं नाही. कळ आली असेल. हाक मारायची असेल. आणि बायकोने तोंड बंद ठेवायला सांगितलंय म्हणून तो माणूस टॉवेल चावत बसला असेल. घोंगडीपलीकडे चार पावलांवर मी कुणा बावळटाच्या दाताचा विनोद वाचत होते. दहा महिने माझ्या घशाखाली घास उतरला तो या एका गोष्टीवरून घसरत उतरला.

महिन्याभराने उरलेली दहा प्रकरणं वाचून टाकली. वाचक खोळंबले होते. हसलेल्या अकरा प्रकरणांना हात लावला नाही, तशीच दिली. बारावं ऐकायची हिंमत मात्र एकदाही झाली नाही.

त्या ऑपरेटर मुलीचा नंबर मी ग्रंथपालांकडून मागून घेतला आणि वाचनालयातूनच फोन लावला. ग्रंथपाल चहा सांगायच्या निमित्ताने बाहेर गेले. मुलीने पहिल्या शब्दालाच मला ओळखलं, खूश झाली. मग मी तिला काका गेले ते सांगितलं, आणि केव्हा तेही. बिचारी माफी मागत सुटली. मी तिला थांबवलं. टॉवेलचंही सांगितलं. पोटच्या पोरीला जे सांगितलं नाही, ते एका परक्या पोरीला फोनवर सांगून बसले.

"तुझे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत," मी म्हटलं. "बारावं पुन्हा ऐकशील? हाक, कण्हणं, काही असेल तर सांग. माझं मन राखायला खोटं बोलू नकोस, बाळा."

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. मी धुणं वाळत घालत होते. ओल्या हातानेच उचलला.

"दोनदा ऐकलं, बाई. हाक नाही. कण्हणं नाही. पण एकतिसाव्या मिनिटाला, तो तोंडात कापूस घेऊन गुडघ्यावर बसतो, लग्नाचं विचारायला, आणि ती त्याला चूळ भरायचं भांडं देते ना, तिथे काका हसलेत. तोंड दाबून, नाकातून. रविवारी आम्ही सगळ्या एकदम हसलो, म्हणून तेव्हा कळलंच नाही."

मी तिला धन्यवाद दिले, पण विश्वास बसला नाही. गुणी मुलगी, म्हातारीचं मन राखलं असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयात गेले, कानाला हेडफोन लावला आणि एकतिसावं मिनिट काढलं.

काही ऐकू आलं नाही. स्टँडवरच्या हॉर्नांनी माझेही कान कमी खाल्लेले नाहीत. तीनदा ऐकलं, तिन्ही वेळा फक्त माझाच आवाज. चौथ्यांदा मात्र तो आवाजच नीट ऐकला. भांडं पुढे केलं, इथपर्यंत वाचून मी थांबले होते. वाक्य अर्धवट, थांबायचं काही कारण नाही, आणि मी थांबले होते. मग पुढचे शब्द चढ्या आवाजात, एकेक तोडून. भलत्या फलाटावर गाडी लावणाऱ्या ड्रायव्हरला मी माइकवरून असंच सुनवायचे.

मी चिडले होते. उगाच नाही चिडत मी. मला ते हसलेले ऐकू आले होते. पुढे जे झालं त्यात मी ते विसरूनच गेले. एवढा दम भरला होता, टॉवेल तोंडात होता, तरी हसले. मला न जुमानता हसले. मग हाक मारायची असती, तर ती काय माझ्या भीतीने अडली असती?

ग्रंथपाल मागे येऊन उभे होते. अकरा प्रकरणं पुन्हा वाचायची तयारी आहे का, असं चाचरत विचारत होते. नाही म्हणून सांगितलं; नियमात बसत नसेल तर वाचणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव काढून टाका म्हटलं. ते खुर्ची माझ्याजवळ सरकवून निघून गेले.

मी बसले. दहा सेकंद मागे घेतलं आणि नवऱ्यावर चिडलेल्या स्वतःला पुन्हा ऐकलं.