खिडकीच्या आत खिडकी

खोलीला तीन खिडक्या होत्या. प्रत्येकीला बारा तावदानं, म्हणजे एकूण छत्तीस. त्यांतली एकतीस मूळची, एकशे तीस वर्षांपूर्वीची, जरा लहरदार काच असलेली. चार नंतर कधीतरी बदललेली. आणि एकात काचेऐवजी पुठ्ठा. खिडक्यांबाहेर रस्ता. मंगळवारी सकाळी दहा ते सव्वादहा या पंधरा मिनिटांत त्या रस्त्यावरून दोनशे चौदा मोटारी, शहाण्णव दुचाकी, अकरा बस आणि एक रोड रोलर गेला. खिडकीबाहेर बहात्तर डेसिबल, खोलीत एकोणपन्नास.

हे सगळं एका सुताराच्या पुतणीने वहीत लिहिलं तेव्हा निरीक्षकाच्या भेटीला सोळा दिवस होते. ती लोकांचे कान तपासणार होती. चार वर्षं शिकून झालं होतं, यंत्र आलं होतं, दारावर लावायची पाटीही रंगवून तयार होती. अडलं होतं ते खोलीपाशी. हेडफोनमधून अगदी बारीक आवाज ऐकवायचा आणि समोरच्याला तो आला का ते पाहायचं, हे तिचं काम. त्यासाठी खोलीत पस्तीस डेसिबलच्या आत शांतता हवी. ती असली तर निरीक्षक सही करणार, नसली तर पाटी गुंडाळून दुसरी जागा शोधायची. आणि सहा महिने पायपीट केल्यावर ही एक जागा मिळाली होती.

खिडक्या बदलून टाकाव्यात तर घर जुन्या वास्तूंच्या यादीतलं. त्या यादीच्या कार्यालयाचं पत्र स्पष्ट होतं: बाहेरच्या खिडक्यांना खिळासुद्धा मारायचा नाही. मग एकच वाट उरली. जुनी खिडकी आहे तशी ठेवायची आणि तिच्या आतल्या बाजूला, बारा सेंटिमीटर जागा सोडून, जाड काचेची दुसरी खिडकी बसवायची.

"खिडकीच्या आत खिडकी," काका म्हणाले. "बरं. स्वेटरवर स्वेटर."

काका सुतार. चाळीस वर्षं हेच काम. पुतणीला ते लहानपणी 'ठेंगणे' म्हणायचे, आता 'डॉक्टरीण' म्हणत. ती डॉक्टर नव्हती, हे तिने दोन-तीनदा सांगून पाहिलं होतं.

काकांनी काम मात्र बघत राहावं असं केलं. एकशे तीस वर्षांत भिंती थोड्या कलल्या होत्या. तिन्ही खिडक्यांत एकही काटकोन नव्हता. काकांनी प्रत्येक कोपऱ्याचा पुठ्ठ्याचा साचा कापला आणि चौकटी त्या वाकड्या भिंतींना अशा बसवल्या, की जणू भिंतींनीच त्या मागून घेतल्या होत्या. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकीण रोज दोनदा खाली येऊन बघून जात. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, वय शहात्तर. सगळी गल्ली त्यांना 'बाई' म्हणे.

"मिस्त्री, माझ्या घराला भोक नाही ना पाडलंत?"

"बाई, तुमच्या घराला आधीच इतकी आहेत, की माझं एखादं असलं तर सापडायचं नाही."

दोन आठवड्यांनंतरच्या मंगळवारी काम संपलं. गुरुवारी दहाला निरीक्षक येणार होता. पुतणीने आतल्या तिन्ही काचा लावून घेतल्या, आवाज मोजायचं यंत्र तिवईवर ठेवलं आणि पंधरा मिनिटं श्वाससुद्धा बेताने घेत बसली.

त्रेचाळीस.

तिने पुन्हा मोजलं. त्रेचाळीस. तिचा हिशेब तेहतीसचा होता.

"झालं ना मनासारखं?" काका हत्यारं पुसत म्हणाले.

"नाही झालं, काका. दहाने जास्त आहे."

"कसं असेल? खोली एकदम चिडीचूप आहे. बसच्या इंजिनाची घरघर येतेय का? नाही येत."

ते खरंच होतं. घरघर गेली होती. तिने यंत्राची कळ दाबून आवाज पट्ट्यापट्ट्यांनी वेगळा करून पाहिला. खालचे, जाडे आवाज तिच्या हिशेबाप्रमाणे पडले होते. वरचे, बारीक आवाज जेमतेम हलले होते. तिने डोळे मिटले आणि खिडकीसमोर हळूहळू मान खाली नेली. ओल्या कापडावरून कोणी हात फिरवत राहावा तशी टायरांची सळसळ येत होती, चौकटीच्या खालच्या कडेकडून. तिथे काकांनी एक सुबक लाकडी पट्टी मारली होती.

"काका, या पट्टीमागे काय आहे?"

"काही नाही. फट आहे."

"फट?"

"दोन मिलिमीटर. मुद्दाम ठेवलीय." काकांच्या आवाजात लपवाछपवी नव्हती, उलट थोडा अभिमान होता. "लाकूड फुगतं, डॉक्टरीणबाई. त्याला सरकायला जागा लागते. चाळीस वर्षांत माझी एक चौकट अडकली नाही कुठे. पट्टी मारली की दिसतही नाही."

तिने मनात गुणाकार केला. एकशे दहा सेंटिमीटर रुंदी, दोन मिलिमीटर उंची, गुणिले तीन. सहासष्ट चौरस सेंटिमीटर.

"काका, हे अर्ध्या पोस्टकार्डाएवढं भोक झालं."

"एवढ्या मोठ्या खिडक्यांना अर्ध्या पोस्टकार्डाचं काय कौतुक?"

"पाण्याच्या टाकीला एवढं भोक असेल तर?"

"टाकी निराळी. इथे काही गळत नाहीये. तुझं ते यंत्रच बिघडलंय. मी इथे उभा आहे ना, मला कळत नाही का? काही येत नाहीये आवाज."

काका हट्टाला पेटले असं तिला वाटलं. ते तिला नवीन नव्हतं. काकू तर सगळ्यांना सांगत, यांना मी चारदा हाक मारते, ऐकून न ऐकल्यासारखं करतात, मुरलेत अगदी. त्यामुळे तिने वाद वाढवला नाही. जिन्यातून बाईंना हाक मारली.

बाई आल्या, चष्मा काढून हातात घेतला, जणू चष्म्याने ऐकण्यात अडथळा येत होता, आणि खिडकीपाशी वाकल्या.

"येतोय की. सायकलच्या चाकातली हवा जाते ना, तसा. इथून." त्यांनी बोट बरोबर पट्टीवर ठेवलं. "आणि त्या खिडकीचा जरा मोठा आहे."

काका पुढे झाले. गुडघे टेकून त्यांनी आधी उजवा कान पट्टीला लावला, मग डावा. बाहेरून एक बस गेली, तिच्यामागून दुचाकी. ते तसेच राहिले. मग एक हात कानामागे धरून पुन्हा उजवा.

पुतणी त्यांच्या पाठीकडे बघत होती. चाळीस वर्षांच्या करवती, रंधायंत्रं, लाकूड कापणारी चक्री. कधी कानात बोळा घातलेला तिने पाहिला नव्हता. चार वर्षं ती कमी ऐकू येणाऱ्यांचे जे आलेख पुस्तकात बघत आली होती त्यातला एक आपल्या घरात जेवायला बसत होता, आणि आपण इतरांसारखंच 'काका हट्टी' म्हणून मोकळे झालो होतो. हे तिला लागलं.

"तुम्हा दोघींना खरंच येतोय?" काकांनी विचारलं.

"येतोय," ती म्हणाली.

ते सावकाश उठले. गुडघ्यावरचा भुसा झटकला. "मला नाही येत."

बाईंनी चष्मा परत घातला. वर जाताना जिन्यात त्यांच्या चपला रोजच्यापेक्षा हळू वाजल्या.

काकांनी पट्टी उचकटली आणि बराच वेळ फटीकडे बघत बसले. "घट्ट बंद नाही करणार मी ही," ते शेवटी म्हणाले. "फुगली चौकट तर काच तडकेल, मग तुझी शांतता गेली वाऱ्यावर. पण फ्रिजच्या दाराला असते ना, तशी पोकळ रबराची पट्टी लावली तर? लाकूड फुगलं तर ती दबेल, सुकलं तर फुलेल. लाकडाचं लाकडाला, तुझं तुला."

"चालेल की, काका. पळेल."

"आधी चालू दे."

बुधवारी सकाळी आठला ते रबर घेऊन आले. चारही कडांना रबर लावून झालं तरी बरोबर बसली की नाही हे त्यांना कानाने कळणार नव्हतं, म्हणून त्यांनी वर्तमानपत्राची बोटभर रुंद चिटोरी कापली. चिटोरी चौकटीत धरायची, काच लावायची आणि कागद ओढायचा. सुटून आला तर तिथे गळती, फाटला तर ठीक. दर दहा सेंटिमीटरला एकदा, खिडकीच्या चारही बाजूंनी. एकशे सव्वीस वेळा ओढून झालं. सात ठिकाणी कागद अख्खा आला. तिथे त्यांनी रबर काढून पुन्हा बसवलं. पुतणी वहीत खुणा करत होती.

"तुझ्या यंत्रापेक्षा माझा पेपर स्वस्त," काका म्हणाले.

"आणि त्यात बातम्याही असतात."

"फाटक्या."

गुरुवारी निरीक्षक दहाला पाच कमी असताना आला. स्वतःचं यंत्र मांडलं आणि पंधरा मिनिटं भिंतीकडे बघत बसला. तेहतीस पूर्णांक चार. त्याने सही केली, शिक्का मारला, जाताना एका चौकटीवरून बोट फिरवलं आणि ही कुणी केली म्हणून विचारून गेला.

काका साडेदहाला राहिलेला रंधा न्यायला आले. रंधा पिशवीत टाकला, तरी निघाले नाहीत. नवीन खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"पहिलं गिऱ्हाईक कधी यायचंय?"

"पेशंट म्हणायचं, काका. साडेअकराला एक बाई आहेत."

"म्हणजे तासभर रिकामीच आहेस." ते खुर्चीत बसले. "काकूला सांगायचं की नाही ते मी ठरवणार."

"तुम्हीच ठरवा."

तिने हेडफोन त्यांच्या कानांवर नीट बसवले, बटण हातात दिलं. आवाज आला की दाबायचं, कितीही बारीक असला तरी. अंदाजाने दाबायचं नाही. काकांनी मान डोलावली आणि डोळे मिटून घेतले. बाहेरून बस जात होत्या. अर्ध्या तासाने तिने आलेखावर शेवटची खूण केली आणि खाली, जाड्या आवाजापासून बारीक आवाजापर्यंत, प्रत्येक आवाज किती वाढवल्यावर काकांना आला ते आकडे लिहिले; वीसपर्यंत म्हणजे कान चांगला.

उजवा कान: पाचशे हर्ट्झला वीस डेसिबल, हजारला पंचवीस, दोन हजारला चाळीस, चार हजारला सत्तर. डावा कान: वीस, तीस, पंचेचाळीस, पंचाहत्तर.