बावांची फेक

सौदीतल्या राबिघच्या कंपनी कंपाउंडमध्ये क्लबहाउसच्या मागे गवताची एक लांब पट्टी आहे. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत वहाब तिसऱ्या प्रहरची अस्रची नमाज आटोपली की तिथे जाऊन उभे राहायचे आणि पंधरा फुटी रॉडने गवतावर लाइन फेकत बसायचे. रॉड सॅल्मन मासा पकडायचा होता, दोन हातांनी धरायचा. टोकाला गळ नसे, लाल लोकरीचा झुपका बांधलेला असे. आसपास शेकडो मैलांत नदी नाही, आणि सॅल्मन म्हणाल तर तो सुपरमार्केटात, बर्फावर, तुकडे करून ठेवलेला.

ही विद्या त्यांना धाहरानला असताना लागली. त्यांचा तिथला साहेब ह्यू, स्कॉटलंडचा. त्याने कॅम्पच्या मैदानावर थोडेच दिवस शिकवलं आणि देश सोडताना रॉड वहाबना देऊन गेला. दाभोळच्या खाडीकाठी वाढलेल्या माणसाला मासे मारायला शिकवणारा हा कोण, असं वहाब सुरुवातीला म्हणत. मग त्यांनाच वेड लागलं. पिसं आणि धागा गुंडाळून केलेल्या, हवेत फुंकर मारली तर उडेल अशा आमिषाच्या माशीला पल्ल्यावर पोचवायचं, तर जोर माशीला नाही, लाइनला द्यावा लागतो. लाइन आधी डोक्यावरून मागे जाते, मागे पूर्ण उलगडते, तिचं वजन रॉडला वाकवतं, मग पुढे. हे त्यांनी आपल्या शाळकरी मुलीला, झेबाला शिकवलं; ती त्यांना बावा म्हणे. बाकी तिला काही शिकवायचा धीर त्यांना नव्हता. गाडी शिकवताना तर ते दुसऱ्या चौकातच उतरून गेले होते.

फेब्रुवारीत वहाब ड्युटीवर असताना कोसळले. दफन राबिघलाच झालं. कबरस्तानात बायकांनी जायचं नसतं, म्हणून झेबा बाहेर गाडीत बसून राहिली. काच खाली करावी की नको, हे तिला ठरवता येईना. पुरुष परत आले, त्यांच्या चपलांना माती होती.

तिची अम्मी, कुबरा, इद्दतीला बसली. विधवेने ती मुदत घरातच काढायची असते. तेवढे महिने घर ठेवायला कंपनीने मुभा दिली. त्यानंतर कुबराने दाभोळला परत जायचं, असं ठरलं. झेबा जेद्दात, अल अझीझियामधल्या एका क्लिनिकमध्ये दातांची डॉक्टर होती. ती गुरुवारी संध्याकाळी गाडी काढून राबिघला यायची आणि शनिवारी रात्री परतायची.

पहिल्याच शुक्रवारी तिने जिन्याखालचा रॉड काढला, त्याचे तुकडे जोडले आणि गवतावर गेली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती पट्टी दिसते. परत आली तेव्हा कुबरा खिडकीपाशी स्टूल घेऊन बसली होती. शेजारची किशोरी, अलिबागची, तिला सोबत करायला आली होती.

"मागून बघितलं तर डिट्टो वहाबभाई गं," किशोरी म्हणाली. "तो डावा कोपर बघ. कोंबडीच्या पंखासारखा उचललेला."

कुबरा चहा टाकायला उठली. पण पुढच्या शुक्रवारी चहा आधीच झालेला होता आणि स्टूल खिडकीशी लावलेलं होतं.

मार्चमध्ये ह्यूचा मेसेज आला. वहाब निवृत्त झाले की सप्टेंबरात त्याच्या गावच्या नदीवर एक आठवडा घालवायचा, असं दोघांचं ठरलं होतं. त्या नदीवर ठरावीक माणसांनाच रॉड लावता येतो आणि जागा फार आधी धरावी लागते. ह्यूने लिहिलं होतं, वहाबची जागा आहे. तू येतेस का? नाही तर जूनअखेर मला ती दुसऱ्याला द्यावी लागेल.

झेबाने उत्तर द्यायला वेळ घेतला नाही. मासा मिळावा अशी तिची फारशी इच्छा नव्हती. कबरीवर उभं राहता आलं नव्हतं; निदान जिथे त्यांना उभं राहायचं होतं तिथे उभं राहून त्यांची फेक एकदा खऱ्या पाण्यावर टाकावी, एवढंच तिला हवं होतं. 'येते,' तिने लिहिलं.

त्यावर ह्यूने नदीचा व्हिडिओ पाठवला. तो तिने दोनदा पाहिला आणि मग फोन पालथा ठेवला. चहाच्या रंगाचं रुंद पाणी होतं. काठ उभा, छातीएवढा. आणि पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीशी, हात मागे केला तर लागतील इतक्या जवळ, झाडं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झाडंच.

बावांची सगळी फेक मागच्या मोकळ्या जागेवर उभी होती. लाइन आधी मागे पूर्ण उलगडायला हवी. धाहरानला मागे मैदान, राबिघला मागे गवत आणि गवत संपल्यावर कुंपणापर्यंत वाळू. या देशात माणसाच्या मागे काही असतं, हा विचार त्यांना कधी करावाच लागला नव्हता. ह्यूने पाणी नव्हतं म्हणून त्यांना डोक्यावरची फेक शिकवली, बाकीचं नदीवर बघू म्हणाला, आणि बावा तेवढंच घोटत राहिले. त्या नदीवर त्यांची पहिलीच फेक झाडात अडकली असती.

तिने पुस्तकं मागवली. वाचायची सवय तिला लहानपणापासून होती, आणि कुठलीही गोष्ट आधी वाचून घ्यायची, म्हणजे ती निम्मी होते, असा तिचा समज होता. झाडांच्या नदीसाठी वेगळी फेक असते हे तिला कळलं. लाइन मागे सोडायचीच नाही. ती उचलून आपल्या बाजूला आणायची. तिचं टोक पाण्यावर टेकतं, पाणी ते धरून ठेवतं, बाकीची लाइन खांद्याशेजारी गोल होते, आणि त्या पकडीवरून तिला पुढे ढकलायचं. वाचून सगळं समजलं आणि काहीही आलं नाही. गवत लाइन धरत नाही. तिने फेकलेली लाइन तिच्याच घोट्यांशी गोळा झाली.

"शेवया झाल्या," खिडकीतून किशोरी ओरडली.

मग तिने हाशमला शोधलं. हाशम जेद्दाचा. अॅबर्डीनला इंजिनिअरिंग शिकायला गेला आणि इंजिनिअरिंगपेक्षा नदीवर जास्त राहिला. आता राबिघच्या खालच्या अंगाला एका उथळ खाडीत पैसे घेऊन शिकवतो. दोन्ही हातांच्या फेकीचं रीतसर प्रमाणपत्र असलेला माणूस इथे दुसरा नव्हता. ती पायघोळ अबाया गुडघ्यापाशी बांधून, पायात रबरी बूट चढवून पाण्यात उतरली.

"आधी तुला येतं ते दाखव," हाशम इंग्रजीत म्हणाला.

तिने दाखवलं. लाइन मागे गेली, थांबली, उलगडली, पुढे जाऊन लांब पडली.

"सुंदर. कोणी शिकवलं?"

"वडिलांनी."

"स्वतःच्या मनाने शिकलेले?"

"जवळजवळ."

हाशमने पाण्याकडे पाहिलं. "खलास कर हे. पूर्ण. अर्धं ठेवून नवीन येत नाही. हा कोपर उचललास की लाइन मागेच जाणार. मी लोकांना पहिल्यापासून शिकवतो ते सोपं. तुला आधी विसरायला शिकवावं लागेल."

तासभर त्याने स्वतःची टोपी तिला डाव्या कोपराखाली, बरगडीशी दाबून धरायला लावली. टोपी पाण्यात पडली की परत. शेवटी शेवटी एक फेक बरी गेली. लाइन जड आवाज करून पाण्यावरून सुटली आणि सरळ झाली. हाशमने टाळी वाजवली. झेबाला आनंद झाला नाही. घरी येताना गाडीत तिने डावा हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवला.

त्यानंतर ती दोन शुक्रवार खाडीवर गेली नाही. हाशमला क्लिनिकचं काम सांगितलं. गवतावर गेली आणि बावांसारखी फेकत राहिली. खिडकीत अम्मी होती.

दुसऱ्या शुक्रवारी जेवताना कुबराने विचारलं, "तो खाडीचा मास्तर मेला की काय?"

"अम्मी!"

"मग? जाईत का नाहीस?"

झेबाने भाकरी मोडली. "तिथे शिकले की हे जाईल."

"हे म्हणजे?"

"हे. तू बघतेस ते."

कुबराला समजायला क्षण लागला. मग ती हसली. बावा गेल्यापासून झेबाने ते हसणं ऐकलं नव्हतं. "अगो, मी बघते कारण दुसरं काय बघू? किशोरीचा टीव्ही? बाहेर जायला नाही, म्हणून खिडकी. आणि तुझे बावा... एकदा त्यांनी स्वतःच्या कानात तो झुपका अडकवून घेतला होता, ठाऊक आहे? मीच सोडवला. म्हणे, वारा होता. प्रत्येक खेपेला वारा."

"किशोरीवहिनी म्हणाली, डिट्टो बावा."

"डिट्टो! म्हणजे मी रडत रडत बघत असेन असं वाटलं तुला?" कुबराने तिच्या ताटात कालवण वाढलं. "रडते मी. पण ते तुझ्या कोपराला बघून नव्हे. त्या माणसाने त्या नदीसाठी इतकी वर्षं गवत झोडपलं. तू तिथे जाऊन झाडांना लाइन बांधून परत येणार? ह्यू काय म्हणेल, वहाबची मुलगी जांभळं काढायला आली होती?"

"आणि मग बावांचं काय राहिलं?"

कुबरा हात धुवायला उठली. नळाखाली हात धरून ती म्हणाली, "ते मला विचारू नकोस. मला पण ठाऊक नाही. तू तुझं शीक."

झेबा शिकली. एप्रिल आणि मे गेले. पाणी कोमट झालं, हवा ओल्या टॉवेलसारखी अंगाला चिकटू लागली. कधी हाशम असे, कधी ती एकटीच. टोपी पडायची थांबली. मग एकदा गुडघाभर पाण्यात तिच्या लक्षात आलं, की आज लाइन एकदाही मागे गेली नाही. तिने मुद्दाम जुनी फेक टाकून पाहिली. कोपर उठेना. पुन्हा पाहिली, लाइन मध्येच मेली आणि डोक्यावर येऊन पडली. ती तशीच, खांद्यावर लाइन घेऊन, पाण्यात उभी राहिली. हाशम दूर काठावर पाठमोरा होता. त्याला हाक मारून सांगण्यासारखं काही नव्हतं. थोड्या वेळाने तिने लाइन गुंडाळली आणि नवी फेक टाकली. ती गेली.

जूनमध्ये इद्दत संपली. सामानाचे खोके भरून झाले होते. पहिल्यांदा बाहेर पडताना कुठे जायचं, असं झेबाने विचारलं, तेव्हा कुबरा म्हणाली, "तुझ्या पाण्यावर ने."

खाडीवर सूर्य उतरला होता. झेबाने घडीची खुर्ची उघडली आणि लांब, वाळूवर ठेवायला निघाली.

"तिथे कशाला? मला दिसत नाही." कुबरा खुर्ची घेऊन पुढे आली, अगदी पाण्याच्या कडेला, झेबाच्या पाठीशी. मग थांबली. "इथे लागेल का मला?"

"नाही. मागे येतच नाही ती."

"बस, तर." ती बसली. चपला काढून पाय पाण्यात सोडले. "तुझ्या बावांनी मला कधी जवळ फिरकू दिलं नाही. मागे कोणी नको, मागे कोणी नको. चहा सुद्धा पन्नास हात लांब ठेवायचा. मला वाटायचं, माझी कटकट नको म्हणून सांगतात."

"खरंच मागे कोणी चालत नाही त्यात."

"ते आत्ता कळलं."

झेबाने दोन पावलं पाण्यात उतरून लाइन उचलली, बाजूला आणली, टेकवली, पुढे ढकलली. लाइन अम्मीच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर गोल झाली आणि निघून गेली. कुबरा दचकली नाही. तिने काही फेका पाहिल्या.

"त्यांच्यासारखं नाही," ती म्हणाली.

"नाही."

"लांब जातं पण."

"जातं."

कुबराने पायाने पाणी ढवळलं. "आणि हा मासा, नदीत शिरला की खात नाही म्हणतात. मग गळाला लागतो कशाला?"

"नक्की कोणालाच माहीत नाही. काही म्हणतात, रागाने."

"लागला तर मग काय करायचं?"

"ते अजून शिकले नाही."

"तेच नाही शिकलीस?" कुबरा खुर्चीत मागे वळून काठावर हाशम दिसतो का ते बघू लागली. "बोलाव त्याला. यल्ला, चल लवकर. उजेड आहे अजून."