मापाच्या मगाचा जळफळाट

मित्रांनो, मी एक जुना मापाचा मग आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा मला वाटलं होतं, आपल्यात सरबत ओततील. नशिबात आली रुग्णालयातली लघवी! खुशाल नाक मुरडा. पण पोटावरच्या माझ्या रेघा वाचल्याशिवाय वॉर्डातल्या सिस्टरचं पान हलत नसे.

एकदा एक शिंपीकाका दाखल झाले. मणक्यात नस दबली होती. त्यामुळे मूत्राशय भरल्याचं त्यांना कळेना आणि ते पुरतं रिकामंही होईना. काका पोटावर मूठ दाबून मला भरत. "आज काठोकाठ हो!" काकू कौतुकाने म्हणत आणि मी फुगून जाई.

मग डॉक्टरीणबाईंनी आतली लघवी बाहेरूनच मोजणारं एक टीचभर यंत्र आणलं. काकांच्या पोटावर टेकवलं आणि म्हणाल्या, "हा मग भरलाय, पण आत अजून तेवढीच लघवी तुंबलीय. काका, दाबू नका. लघवी उलटी किडन्यांकडे चढते. किडन्या गेल्या, तर दुकान कसं चालवाल?"

काकूंचा चेहरा उतरला. माझा तर तिळपापड झाला! कधी थेंबाने न भिजलेलं ते यंत्र शहाणं, आणि मी वेडा?

त्यात भर म्हणून आली एक बारीक नळी. दिवसातून ठरावीक वेळी ती लघवीच्या वाटेने आत घालायची आणि लघवी काढून टाकायची. काका घाबरले. "माझ्याने नाही होणार."

"उभा जन्म सुईत दोरा ओवलात ना?" सिस्टर म्हणाली. "आधी हात धुवा."

काकांनी हात धुतले, दम धरला आणि नळी सरकवली. धार माझ्यातच पडली. यंत्र पुन्हा टेकवलं, तर मूत्राशय रिकामं! काकू रडल्या, हसल्या. माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

पुढे काका तपासणीला आले. गळ्यात टेप होती. "किडन्या ठणठणीत आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. काकांनी खिशातून एक पिशवी काढली. कोऱ्या नळ्यांची पाकिटं ठेवायला त्यांनी ती स्वतः शिवली होती. अस्तर लावलेली, वर निळं बटण! माझ्यासाठी साधं फडकंही नाही.

मित्रांनो, मी अजून जळतो. तरीही सांगतो, लघवी अडली तर लाजून लपवू नका, आणि मला खूश करायला पोट तर मुळीच दाबू नका. मी अर्धा राहिलो तरी चालेल. फक्त मला घासून, उन्हात पालथा घाला. आणि शिवताना एखादं निळं बटण उरलंच, तर माझी आठवण ठेवा.