फेरातला हात

"धरा मावशी, माझाच हात धरा."

दिपिकाने पंजा पुढे केला. लहानीने कोपराखालचे स्नायू आवळले, तशी तिच्या कृत्रिम हाताची प्लास्टिकची काळी बोटं बारीक घरघरत मिटू लागली. पाड्यावरच्या बाया श्वास रोखून पाहत होत्या.

"मोडंल गो तुझा हात!" लहानी म्हणाली.

"मोडू दे."

बोटांनी दिपिकाच्या पंजाला विळखा घातला, जरासं दाबलं, आणि बोटं थांबली. आपसूक.

"थांबली! मावशी, थांबली!" दिपिका जागच्या जागी नाचलीच.

दिपिका मुरबाडची. मुंबईतल्या एका संस्थेत ती कृत्रिम हातांवर संशोधन करत होती. उमेदीची सगळी वर्षं या बोटांत गेली होती. तिने बनवलेल्या हातांनी अंडं उचललं, कागदी पेला न चुरता धरला. शोधनिबंध छापून आले, परदेशात कौतुक झालं. मग शेणव्याजवळच्या या पाड्यावर तिला लहानी भेटली. मळणीच्या यंत्रात लहानीचा उजवा पंजा गेला होता.

"नवा हात कशाला हवाय?" दिपिकाने विचारलं होतं.

"गौरीच्या फेरात नाचाचंय. बाजूवालीनं माझं काय धराचं, सांग?"

अंडं धरणं निराळं आणि घामेजलेला, हिसके देणारा, जिवंत हात धरणं निराळं. दिपिका नव्याने कामाला लागली होती.

आज गौरीचा ढोल घुमला. लहानीच्या काळ्या बोटांत बाजूला नाचणाऱ्या गुणाबाईची बोटं होती. फेराबरोबर बाहेरून धावत दिपिका विचारत होती, "दुखत नाही ना? गुणाबाई, दुखतंय का?"

"नाय गो! मऊ धरतंय!" गुणाबाई हसत ओरडली. "आमच्या घरवाल्यापरीस मऊ!"

सगळा फेर खिदळला. दिपिकाच्या डोळ्यांत पाणी आलं.

दिवस कलला तेव्हा ती लहानीजवळ गेली. हात एवढा एकच तयार होता. पुढच्या चाचण्यांसाठी तो परत न्यायचा, हे आधीच ठरलं होतं. तरी तिने तो हळूच मागितला.

लहानीने पट्टा सोडला. आतला घाम पदराने पुसून हात तिच्या ओंजळीत ठेवला.

"ने. चांगला कर नि आण."

ढोल चालूच होता. लहानी क्षणभर तिकडे बघत राहिली. मग तिने पदर कमरेला खोचला आणि उघडा, थोटा हात तसाच घेऊन ती फेराकडे चालत गेली. गुणाबाईने नाच न थांबवता तिचं कोपर धरलं आणि फेर पुढे सरकला.