खुंटाजवळचं घमेलं

मित्रांनो, मी लोखंडाचं एक जुनं घमेलं आहे. कडेला दोन पोचे, बुडाला गंज. माझी गोष्ट ऐकायला कुणी बसलं की मला आधी संशय येतो. हा ऐकायला आलाय, की नुसता हळहळायला? तुम्ही ऐकायला आलात असं धरून चालतो.

घडलो कारखान्यात. शहाणपण मात्र त्र्याहत्तर सालच्या दुष्काळात आलं, तामलवाडीजवळच्या पाझर तलावाच्या कामावर. तिथं खणलेली माती मोजायची एक रीत होती. खड्ड्याच्या मधोमध न खणलेल्या मातीचा एक खुंट उभा ठेवायचा. जेवढा खुंट उंच, तेवढा खड्डा खोल आणि तेवढी मजुरी. खुंट म्हणजे साक्षीदार. म्हणून तर मुकादम रामकिसनचा डोळा सदा त्याच्यावर. माप घेणारा साहेब यायच्या आत तो फावड्यानं खुंटाचं डोकं हळूच उडवायचा. वीतभर खुंट गेला की वीतभर घाम फुकट, आणि वाचलेल्या मजुरीत मुकादमाचा वाटा.

मला डोक्यावर वाहायची ती मुक्ताबाई. एका दुपारी तिनं रामकिसनला फावडं उचलताना पकडलं. मला खाली आपटून ती खुंटापुढं आडवी आली आणि हात वर करून ओरडली, “खुंटाला हात लावशील तर त्याच फावड्यानं तुझी उंची कमी करीन!”

रामकिसन मागं सरला. माप पुरं निघालं.

पण ती ओरडली नेमक्या त्याच क्षणी बांधावर उभ्या असलेल्या एका परदेशी पाहुण्यानं फोटो काढला. त्यात रामकिसन आला नाही. फावडं आलं नाही. आली ती तोंड उघडलेली बाई, वर गेलेला हात, मातीचा खुंट आणि पायाशी रिकामा मी. पाहुण्यानं तिचं नावही विचारलं नाही. पाणी पिऊन गेला.

काम संपलं, पोचे आलेली घमेली मजुरांना देऊन टाकली. मी मुक्ताबाईच्या घरी म्हशीपुढं पेंड वाहू लागलो. पुढं गावातल्या बायकांनी दूध संस्था काढली, मुक्ताबाई तिची चेअरमन झाली. नवा टब आला आणि मी दाराआड पडलो. तक्रार नाही. कुणी दया तरी करत नव्हतं.

पंच्याऐंशी साली युरोपातून हेल्गा नावाची चित्रकार आली. तिच्या हातात तोच फोटो. खाली इंग्रजीत छापलेलं, ते संस्थेचे सेक्रेटरी आबाराव यांनी वाचून दाखवलं. “देवापुढं अन्नासाठी पदर पसरणारी भारतीय स्त्री.”

मुक्ताबाई आधी हसली. मग हसायची थांबली. “पदर? पदर तर म्या कमरंला खोचला हाय! आन् देव कोनता? आमच्या बापानं छप्पन साली धम्म घेतला, तवाच घरातले देव नदीत सोडले. मी ढेकळाला हात जोडीन व्हय?”

हेल्गा म्हणाली, आबाराव सांगत गेले. तिच्या देशात एका मोठ्या दालनात ती हा देखावा उभा करणार होती. तसाच खुंट, त्याला झेंडूची फुलं, पुढं हे घमेलं. आमचे लोक तुमच्याबद्दल काय काय खोटं समजतात ते त्यांना दिसेल आणि त्यांना लाज वाटेल, असा तिचा विचार.

“आबाराव, तिला इचारा,” मुक्ताबाई म्हणाली, “चूक तिच्या लोकांची, तर सामान आमचं कशाला? त्यांच्या घरची खुर्ची मांड म्हनावं, चष्मा मांड.”

आबाराव कुजबुजले, “मुक्ताबाई, पाहुणी हाय. जरा गोडीनं घ्या.”

“मागचा बी पाहुनाच व्हता.”

हेल्गानं वही मिटली. मला वाटलं, सुटलो. पण मुक्ताबाई फोटोवर बोट ठेवून म्हणाली, “माझं तोंड तर जगभर गेलंच हाय. बोलनं तेवढं मागं ऱ्हायलं. ते जाऊ दे ह्या घमेल्यासंगं. फुलं मातूर लावायची न्हाईत.”

भांड्यांवर नावं घालणारा बंडप्पा आला. त्यानं छिन्नीनं माझ्या पोटात, आतल्या बाजूनं, टिंबाटिंबांची अक्षरं ठोकली. दुखलं, पण ते दुखणं नव्हे, तो मान होता. “मुक्ताबाई, तामलवाडी. खुंटाला हात लावू नको.”

हेल्गानं शब्द पाळला, हे सांगायला हवं. तिच्या देशातल्या त्या दालनात खुंटाला फुलं नव्हती. दाराशी अक्षरांचा अर्थ लिहिलेला फलकही होता. पण लोक फलकापाशी थांबेनात. फोटोपुढं उभे राहायचे, मान वाकडी करायचे, डोळे पुसायचे आणि माझ्यात नाणं टाकायचे. खण्ण. पुन्हा खण्ण. नावावर नाणं, गावावर नाणं. दहा दिवसांत मुक्ताबाईचं बोलणं पार गाडलं गेलं. रामकिसनला फावडं तरी लागायचं.

हेल्गानं आनंदानं त्या दालनाचा फोटो पाठवला, त्यात मी नाण्यांनी भरलेला. पत्रात लिहिलं, लोक हेलावून गेले.

“हेलावले ते दिसतंय,” मुक्ताबाई म्हणाली. “वाचलं कुनी?” आणि तिथल्या तिथं आबारावांना उत्तर लिहायला लावलं. घमेलं परत पाठवा.

मी परत आलो. खोक्यात पिशवीभर नाणीही आली. आबाराव म्हणाले, संस्थेला एखादी कॅन घेऊ. मुक्ताबाईनं त्यांच्याकडं असं पाहिलं की ते दूध मोजायला निघून गेले. तिनं नाणी लोणच्याच्या काचेच्या बरणीत भरली, बरणी दूध घालायच्या खिडकीत ठेवली आणि मला शेजारी भिंतीला टांगलं, अक्षरं पुढं करून.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा म्हणून सगळेच सांगतात. मला घासूनपुसून चकचकीत करू नका. माझ्यात काही टाकण्याआधी जवळ येऊन वाचा, एवढी निगा पुरे. आणि बाजूच्या बरणीवरचा कागदही वाचा. मुक्ताबाईनं सांगितलं तसा आबारावांनी लिहिलाय:

“हे पैसे आमचे नाहीत. आम्ही मागितले नव्हते. ज्याचे असतील त्यानं येऊन घेऊन जावे. ओळख म्हणून एवढंच सांगावं, की तो खुंट कशासाठी होता.”

बरणी अजून भरलेलीच आहे.