राहीबाईंच्या गोळ्यांचा डबा

झाकणावर पोचा, कडी एका बाजूनं ढिली आणि पोटावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं 'दीपमाला' हे नाव. मित्रांनो, मी स्टीलचा एक जुना डबा आहे. सांगलीतल्या एका स्वयंपाकघरात सगळ्यात वरच्या फळीवर असतो. तिथवर सहसा कुणाचा हात पोहोचत नाही. त्यामुळे ऐकणारं कुणी मिळालं की मी जरा जास्तच बोलतो. तेवढं सांभाळून घ्या.

वडूजच्या बाजारात राहीबाईंनी मला उलटंपालटं करून, टिचक्या मारून पारखून घेतलं. त्यांच्या एकुलत्या लेकीच्या, दीपमालाच्या लग्नात मी रुखवतात बेसनाचे लाडू घेऊन ऐटीत बसलो होतो. पाहुण्यांनी लाडवांपेक्षा माझंच कौतुक केलं, असं मला तरी वाटलं. मग दीपमालाबरोबर मी सांगलीला आलो. राहीबाईंचे मालक नाथाजी फौजेतून पेन्शनीत आले आणि लवकरच गेले. वडूजच्या घरात राहीबाई एकट्या उरल्या.

त्यांच्या पायांचं दुखणं तेव्हाच सुरू झालं. दुखणं तरी कसं म्हणावं? पाय दिसायला धडधाकट. पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पिंडऱ्यांत आतून वळवळ सुरू व्हायची. उठून चाललं की थांबायची, पडलं की पुन्हा. दीपमालानं त्यांना सांगलीच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी झोपताना अर्धी गोळी दिली आणि दोन महिन्यांनी परत बोलावलं. गोळीनं जादू केली. राहीबाईंना सलग झोप लागली. मग परत कशाला जायचं? जुनी चिठ्ठी होतीच. ती दाखवली की दुकानदार गोळ्या द्यायचा. दीपमाला त्या माझ्यात ठेवायची, वर बेदाणे घालायची आणि वडूजच्या एसटीवरच्या अर्जुना कंडक्टरच्या हाती मला सोपवायची.

आमच्याकडे शेजारणीचा डबासुद्धा कुणी रिकामा परत करत नाही, लेकीचा तर नाहीच नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. राहीबाई मला शेंगदाण्याच्या चटणीनं, कुरडयांनी गच्च भरायच्या. सांगलीत माझं झाकण निघालं की दीपमाला म्हणायची, "आईचं बरं चाललंय म्हणायचं." जावई शिवतेज चटणी चाखत मान डोलवायचे.

पण दोन्ही घरं बघणारा मी एकटाच होतो, मित्रांनो, आणि सांगायची सोय नव्हती.

कारण वडूजला काही बरं चाललं नव्हतं. वर्षभरात अर्धी गोळी पुरेना. राहीबाईंनी आपल्या मनानंच एक केली, मग दोन. थोडे दिवस बरे जायचे, की वळवळ आणखी लवकर हजर. आधी झोपायच्या वेळी यायची, मग दिवेलागणीला यायला लागली, मग भर दुपारी. शेजारच्या शालूबाईंच्या अंगणात बायका पापड लाटायला बसायच्या. राहीबाई बसल्या न बसल्या की उठायच्या.

"आवं राहीबाई, पायाला भिंगरी लावलीया का? घटकाभर बसा की," शालूबाई म्हणायच्या.

सगळ्या हसायच्या. राहीबाईही हसायच्या आणि चुलीवर दूध हाय म्हणून घरी यायच्या. चूल थंडच असायची. हळूहळू त्यांनी पापडाला जाणं सोडलं, लग्नाच्या पंगतीला जाणं सोडलं. घरातसुद्धा जेवायच्या त्या उभ्यानं, ताट हातात धरून. अर्जुनाला मात्र सांगायच्या, "मी बरी हाय म्हणावं. आन् गोळ्यांची दोन पाकिटं जास्त धाडाय सांग रं. सारखा तुला तरास नगं."

दीपमाला भाबडेपणानं धाडायची. मला राग यायचा, पण कुणावर काढायचा तेच कळायचं नाही.

एका उन्हाळ्यात ती वळवळ हातांत आली. राहीबाईंनी कडबोळ्यांचं पीठ मळलं, वळायला घेतलं, पण हात थाऱ्यावर राहीनात. पुन्हा वळलं, पुन्हा मोडलं. शेवटी पिठाचा गोळा परातीत तसाच टाकून त्या भिंतीला डोकं लावून उभ्या राहिल्या. गाडी सुटायची वेळ झाली होती. त्यांनी मला धुतलं, पुसलं आणि रिकामंच अर्जुनाच्या हाती दिलं. साखरसुद्धा घातली नाही. सांगलीपर्यंत मी खडखडत आलो. फार वाईट वाटलं मला.

दीपमालानं झाकण काढलं आणि मला उलटं करून बघितलं.

"गडबडीत राहिलं असेल," शिवतेज म्हणाले.

"माझी आई आजारी असली तरी रिकामा डबा धाडायची नाही. मी उद्या सकाळी जाते."

ती मला घेऊनच निघाली. वडूजला पोचलो तेव्हा टळटळीत ऊन होतं आणि राहीबाई अंगणात अनवाणी येरझाऱ्या घालत होत्या.

"आई, सावलीत बस की."

"बसवत न्हाई गं."

"कधीपासून?"

"झाली की दोन-तीन वरसं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू डबा भरून औषिद धाडतीस, मी डबा भरून खाऊ धाडती. तेवढंच दोघींना बरं वाटतं. तुझ्या संसारात माझं रडगाणं कशाला?"

दीपमाला उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडली. राहीबाईंना जवळ बसून तिची समजूतही काढता येईना. त्या तिच्याभोवती फिरत राहिल्या.

दुसऱ्या दिवशीची गाडी मोकळी होती. अर्जुना म्हणाला, "आवं मावशी, बसा की." राहीबाई बसल्या नाहीत. दांडीला धरून त्या सांगलीपर्यंत उभ्या आल्या आणि दीपमाला त्यांच्या शेजारी उभी राहिली.

एसटीतून उतरून आम्ही थेट दवाखान्यात गेलो, तिथं डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "गोळी वाईट नाही. पण वर्षानुवर्षं घेतली की काहींच्या अंगावर ती उलटते. त्रास लवकर सुरू होतो, हातांत येतो. माणसाला वाटतं आजार वाढला, म्हणून तो आणखी एक गोळी घेतो. गोळ्या तुम्ही नेमानं आणल्यात. या चार वर्षांत पाय कुणी बघितले?"

दीपमालानं ती जुनी चिठ्ठी काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

गोळी एकदम तोडायची नाही, हळूहळू उतरवायची, असं ठरलं. रक्तात लोह कमी निघालं, त्याचंही औषध सुरू झालं. ते महिने फार वाईट गेले. राहीबाई चिडायच्या, मला वडूजला सोडा म्हणायच्या. दीपमाला त्यांना धरून कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जायची आणि चालतच परत आणायची.

दुखणं पार गेलं असं मी सांगणार नाही. अजूनही एखादी संध्याकाळ जड जाते. पण आता राहीबाई दर दोन-तीन महिन्यांनी स्वतः डॉक्टरांकडे येतात आणि मधे दीपमाला वडूजला जाऊन येते. अर्जुनाच्या हाती मला कुणी देत नाही. फळीवर एकटं वाटतं, वाटणारच. तरी तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. घरातलं कुणी रोज गोळी घेत असेल, तर गोळ्या संपल्या का एवढंच विचारू नका. जवळ बसा, कसं वाटतंय ते विचारा आणि त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा.

आज राहीबाई इथंच आल्या आहेत. खाली जमिनीवर मांडी घालून गहू निवडताहेत. दीपमाला दोनदा म्हणाली, "आई, ऊठ आता, पाय अवघडतील." त्या म्हणाल्या, "अवघडू देत गं. लय दिसांनी बसलीया."