खरी नक्कल

बॉम्बस्फोटाचा खटला सैनिकी न्यायालयाकडे वर्ग झाल्याचा आदेश आला, तेव्हा कोर्टाच्या नक्कल विभागातल्या बाईंना आधी बरंच वाटलं. त्या स्फोटात त्यांच्या धाकट्या बहिणीचा नवरा गेला होता. बसस्टँडवर तिकिटाच्या रांगेत उभा होता बिचारा. धाकटी दीड वर्ष प्रत्येक तारखेला येऊन बसायची आणि जाताना म्हणायची, "ताई, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते उगाच नाही. खटला सैन्याकडे दिला असता तर आरोपी महिन्यात फासावर गेला असता."

बाई ऐकून घेत. पंचवीस वर्षं त्या नाकासमोर चालत आल्या होत्या. खिडकीतून अर्ज घ्यायचा, कागदाची नक्कल काढायची, 'खरी नक्कल' हा शिक्का मारून सही करायची. देव जरी खिडकीशी आला तरी बाई आधी अर्ज मागतील, अशी कचेरीत थट्टा चाले.

फाइल चार वाजता जायची होती. सैन्याने पाठवलेल्या यादीशी पानं ताडून बघायचं काम शिरस्तेदारांनी बाईंवर सोपवलं. यादी एकशे अकराव्या पानावर संपत होती. फाइलमध्ये पानं होती एकशे बारा.

शेवटचं पान इस्पितळाच्या नोंदवहीतलं होतं. आरोपी लिफ्ट दुरुस्त करणारा. स्फोटाच्या दिवशी सकाळी दहा चाळीसला त्याच्या तळहाताला सहा टाके घातल्याची नोंद होती. साक्षीदाराने तर त्याला पावणेअकराला बसस्टँडवर पिशवी ठेवताना पाहिलं होतं, आणि इस्पितळ गावाच्या दुसऱ्या टोकाला. मागच्याच तारखेला न्यायाधीशांनी हे पान दाखल करून घेतलं होतं. पुढच्या तारखेला डॉक्टरांची साक्ष व्हायची होती. ती तारीख आता येणारच नव्हती.

बाईंनी यादी पुन्हा एकदा ताडून पाहिली. त्या शिरस्तेदारांकडे गेल्या.

"साहेब, यादीत एक पान कमी आहे."

शिरस्तेदारांनी दाराकडे पाहिलं. बाहेर बाकावर सैन्याचा अधिकारी मांडीवर टोपी ठेवून शांत बसला होता. व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना एकेक शिपाई बंदूक घेऊन उभा. एरवी बाजार भरल्यासारखा गजबजलेला तो व्हरांडा चिडीचूप होता.

"यादी त्यांची. यादीप्रमाणे द्यायचं," शिरस्तेदार म्हणाले.

"आणि उरलेलं?"

"काही उरलेलंच नाही, बाई." मग आवाज खाली आणून, "माझी दोन वर्षं राहिलीत नोकरीची, तुमची तीन. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

बाई जागेवर येतात तो खिडकीशी आरोपीची आई उभी. नुसतं एवढंच विचारायला आली होती, की सैन्याच्या ताब्यात गेल्यावर मुलाला भेटू देतात का. बाईंना ते ठाऊक नव्हतं. तिच्याकडे त्यांनी दीड वर्षात कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. आत्ता पाहिलं, आणि कोरा अर्ज खिडकीतून सरकवला.

"फाइल इथे आहे तोवर नक्कल मागायचा तुम्हाला हक्क आहे. लिहा, पान एकशे बारा."

शिक्का मारताना धाकटीचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि हात थबकला. पण सही झाली, नोंदवहीत क्रमांक पडला. आई नक्कल घेऊन मागच्या जिन्याने थेट वकिलाकडे गेली.

चार वाजता बाईंनी अधिकाऱ्यापुढे सगळी फाइल ठेवली. "पानं एकशे बारा आहेत. पोचपावतीवर तसं लिहा."

तो हसला. शेवटचं पान त्याने हळूच काढलं, चार घड्या करून खिशात घातलं आणि पावतीवर एकशे अकरा लिहिलं.

"फार काटेकोर आहात, बाई. राहता कुठे?"

तो कुठलाही कागद न बघता बाईंचा पत्ता स्वतःच बोलला, आणि टोपी घालून निघून गेला.

तीन आठवड्यांनी फाशीची शिक्षा झाली. वकिलाने नक्कल वरिष्ठ न्यायालयात नेली, तेव्हा शिक्षेला स्थगिती मिळाली. सैन्याचं उत्तर आलं की असं पानच नव्हतं, नक्कल बनावट आहे. शिक्क्याखाली सही कुणाची, हे वर्तमानपत्रात छापून आलं.

सकाळीच धाकटी वर्तमानपत्र घेऊन बाईंच्या घरी आली. "तू त्याला वाचवलंस? माझ्या नवऱ्याला मारणाऱ्याला?"

बाईंनी तिला बसवून सगळं सांगितलं. काही वगळलं नाही.

"पान खरं होतं?" धाकटीने विचारलं.

"खरं होतं. मी या हातात धरलं होतं."

धाकटीने वर्तमानपत्राची घडी करून मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे ज्याने केलं तो अजून बाहेर फिरतोय. ताई, मग याला एवढ्या घाईने लटकवायचं का होतं गं?"

तेवढ्यात दार वाजलं. साध्या कपड्यातले दोघे उभे होते, मागे नंबरची पाटी चिखलाने माखलेली जीप.

"चौकशीला यायचंय. सैनिकी न्यायालयात."

"मी साधी कारकून आहे," बाई म्हणाल्या. "वकिलांना फोन करते."

"तिथे वकील लागत नाही."

बाईंनी चपला घातल्या. डाव्या-उजव्या उलट्या झाल्या होत्या, त्या बदलल्या. धाकटी मागोमाग निघाली तर एकाने हात आडवा केला.

जीप सुरू होत होती तेव्हा धाकटी पुढे धावली. पदराने तिने पाटीवरचा चिखल पुसला, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर नंबर उतरवला. मग लिफ्टवाल्याच्या वकिलाची कचेरी कुठे आहे, ते विचारत ती चालू लागली.